गाडी जाईपर्यंत

दुकानाला शटर असतं आणि घराला नसतं. फरक एवढाच, पण तो रत्नाच्या हाडात मुरला होता.

शिंदखेड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या गावात ती बिबडे करून विकायची. ज्वारी भिजवायची, आंबवायची, भरडायची. मग लसूण, तीळ, तिखट-मीठ घालून त्याचा घाटा शिजवायचा, ओल्या धोतरावर हाताने गोल गोल थापायचा आणि खाटेवर कडक उन्हात वाळवायचा. सांगताना चुटकीसरशी होतं. करताना मात्र पहाटेपासून चुलीपुढे उभं राहून घाटा घोटावा लागतो, आणि तो घोटताना खांदा कुठे आहे ते देवाला आणि खांद्यालाच माहीत. एके काळी खानदेशात उन्हाळा लागला की घरोघरी हेच चालायचं. आता शहरातल्या बायकांना वेळ उरला नाही, जीभ मात्र जुनीच राहिली, म्हणून रत्नासारख्यांचं चालतं.

चालतं म्हणजे कसं, ते विचारू नका. गिऱ्हाईक फोन करणार भर दुपारी, जरा पाठ टेकली की. "घरीच असता ना तुम्ही?" घरी नाही तर काय हवाई जहाजात? मग येणार, थेट चुलीपर्यंत येणार, पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार, माठात डोकावणार, लेकराला शू करायला मोरी कुठे ते विचारणार. बोलता बोलता आडनावही विचारून घेणार, सहज हं, ओळख निघते म्हणून. "मशीनचं नको बाई, हाताचंच पाहिजे," असं बजावून माल नेणार आणि दोन दिवसांनी कळवणार की एक जाड आहे, एक पातळ आहे, सगळे एकसारखे का नाहीत? आणि 'घरचं' हा शब्द तर फारच सोयीचा. कौतुक करताना तो तोंडभरून वापरायचा आणि भाव ठरवताना तोच पुढे करायचा. "घरचंच तर आहे, मग एवढे कशाचे?"

रत्नाचा नवरा समाधान पिकअप चालवायचा, माल घेऊन सुरतेकडे जायचा, आठवड्यातून कधीतरी घरी टेकायचा. तो उंबऱ्यातल्या परक्या चपला बघून म्हणायचा, "हाई घर शे का यष्टी स्टँड?" रत्ना त्या बाजूला सारायची. बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं.

आणि या सगळ्याच्या वर सुतक.

अर्धं गाव भाऊबंदकीचं. सात पिढ्यांमागे कोणी दोन भाऊ वेगळे झाले असतील, पण त्यातल्या एकाच्या पणतूचा पणतू गेला तरी दुसऱ्याच्या घरी दहा दिवस सुतक. त्यात देवाची पूजा नाही, कोणाकडे काही द्यायचं नाही, शुभकार्याला जायचं नाही. गल्लीत मयत झाली तर मढं उचलेपर्यंत कोणाची चूलसुद्धा पेटत नाही. पिढ्यानपिढ्या हे असंच आणि त्यात वावगं काही नाही. माणूस गेल्यावर चार घरांनी थांबावं, हे बरंच आहे. पण बिबडे उन्हाला विचारून वाळतात आणि लग्नाच्या तिथी पंचांगाला विचारून निघतात. मरण यांपैकी कोणालाच विचारत नाही.

गेल्या वैशाखात सुरतेला समाधानचा कोणी लांबचा चुलतभाऊ गेला. रत्नाने त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. धुळ्याच्या एका बाईचा लग्नाचा माल बांधून तयार होता, उचलायचा तेवढा बाकी. रत्नाने भोळेपणाने फोनवर खरं ते सांगितलं. पलीकडून आधी "अरेरे, वाईट झालं हो" आलं. मग आलं, "असं करा, या वेळी राहू द्या. शुभकार्य आहे ना." रत्ना म्हणाली, माल तर आधीच वाळलेला आहे, सुतक काल लागलंय. बाई म्हणाली, "ते खरं हो, पण मनाला लागतं." झालं. सुतक फिटल्यावर रत्नाने तो सगळा माल गल्लीत वानोळा म्हणून वाटून टाकला. वानोळ्याचे पैसे कोणी घेतं का? लोकांनी मिटक्या मारत खाल्ला आणि वर सांगितलं, यंदा तीळ जरा कमी पडलेत.

त्या बाईने लग्नासाठी कारखान्यातली पाकिटं आणली, हेही रत्नाच्या कानावर आलं. कारखान्याचं बरं असतं. तिथे मालकाचा बाप गेला तरी पाकिटावर 'अस्सल घरगुती' असंच छापलेलं राहतं. ते गेलं तर गेलं. पण ती बाई चार ठिकाणी म्हणाली, "चव चांगली आहे हो तिची, पण तिच्याकडे नेहमी काहीतरी असतंच." हे वाक्य फिरत फिरत रत्नापर्यंत आलं आणि जे टोचलं ते निघेना. नेहमी काहीतरी असतंच! घर आहे म्हटल्यावर काहीतरी असणारच की. घरोघरी मातीच्या चुली. हिला काय वाटलं, रत्नाची तेवढी सोन्याची?

तेव्हापासून तिच्या डोक्यात शटर बसलं. रस्त्यावर रेशन दुकानाला लागून तोताराम भाऊंचा पत्र्याचा गाळा रिकामा होता. तो घ्यायचा. चूल तिथे, पातेलं तिथे, खाटा मागच्या मोकळ्या जागेत. काम संपलं की शटर खाली ओढायचं आणि घरी यायचं. घरात कोणी जन्मो, कोणी मरो, कोणी आजारी पडो, गाळ्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. तोताराम भाऊ म्हणाले होते, "यंदाचा मे सरेपर्यंत थांबतो वहिनी. पुढे दुसऱ्याला देऊन टाकीन."

आणि मे महिन्यातच सुलक्षणाताईंची ऑर्डर आली.

सुलक्षणाताई धुळ्याच्या देवपुरात राहायच्या. बँकेत मोठ्या पदावर होत्या, आता निवृत्त. त्यांची मुलगी भूमिका जळगावला द्यायची ठरली होती. रुखवतावर मांडायला आणि व्याह्यांच्या घरोघर द्यायला त्यांना बिबडे हवे होते, कुरडया हव्या होत्या, तेही सगळं एकाच हातचं. त्यांच्या कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या म्हणाल्या घ्या, की वीस घरं घेणार. त्यांनी नाक मुरडलं की वीस नाकं मुरडणार. ही एक ऑर्डर नीट पार पडली तर गाळा रत्नाचा. नाही पडली तर तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की पातेलं विकायचं आणि कापसाच्या जिनिंगवर मजुरीला जायचं. तिथे निदान कोणी मोरी विचारत नाही.

ऑर्डर द्यायला ताई स्वतः आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या हो. गोड बोलायच्या, हात आखडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगणभर फिरल्या, खाटांवरच्या धोतरांचे फोटो काढले, "किती घरपण आहे तुमच्याकडे!" असं तीनदा म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शुभकार्याचं आहे म्हणून विचारते हं, राग मानू नका. घरात काही अडचण वगैरे नाही ना?"

विचारताना त्यांची नजर शेजारच्या ओट्यावर गेली होती. तिथे खाटेवर जीवराम आबा पडलेले होते.

जीवराम आबा म्हणजे रत्नाचे चुलत सासरे. दोन्ही घरांची भिंत एकच, अंगण एकच. एके काळी कुस्तीच्या फडात नाव असलेला माणूस, आता पांघरुणाखाली आहे की नाही ते चाचपून बघावं लागे. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी ज्योती साक्रीकडे दिलेली. घरात आबा आणि त्यांची बायको मंजुळाबाई, बस. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. असं सांगतात तेव्हा पुढचं कोणी विचारत नाही.

"नाही ताई, अडचण काही नाही," रत्ना म्हणाली. "आबा म्हातारे झालेत, एवढंच."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी आबांना ज्वारीची पेज घेऊन जाऊ लागली. वाटीत थोडं तूप, चिमूटभर मीठ. चमच्याने भरवायची, तोंड पुसायची, पाय दाबायची. जाताना विचारायची, रात्री झोप लागली का, खोकला कसा आहे, औषध घेतलं का. दुपारी पुन्हा डोकावायची. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, सून असावी तर अशी, सख्खीने केलं नसतं. रत्ना ते ऐकून मान खाली घालायची. लोकांना वाटे विनय आहे. कसला विनय! तिला आबांचा जीव हवा होता तो शनिवारपर्यंत, ताईंची गाडी माल घेऊन जाईपर्यंत, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. पेजेच्या वाटीत माया नव्हती असं नाही, पण मायेखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते तिला रोज वाटी उचलताना जड लागायचं.

गुरुवारी ती गेली तेव्हा आबा चांगले जागे होते. मंजुळाबाई ओट्याच्या कोपऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या.

"काय वं रत्ना," आबा म्हणाले, "व्हयनात का तुना बिबडा?"

"व्हयनात आबा. आते गाडीनी वाट देखस."

"गाडी कव्हय येस?"

"शनवारे."

आबांनी डोळे मिटले. जरा वेळाने तसेच मिटल्या डोळ्यांनी हसले. "मंग शनवारलोंग ऱ्हाना पडी माले."

रत्नाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "असं काब्र बोलतस आबा?"

"अवं, मी काय येडा शे का? रोज इचारस तू, जपनात का, खोकला कसा शे. मनी पोरनी बी इतलं इचारं नही कधी." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "जाय, काम कर तू. शबद देस तुले. शनवारना आगोदर मी काही मरत नही."

"तुमनी जिभले काही हाड शे का?" मंजुळाबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "सून बिचारी पेज लई येस, आनि तिले असं बोलतस!"

रत्ना वाटी घेऊन घरी आली आणि मोरीत तोंड धूत बसली. लाजेने कान तापले होते. म्हाताऱ्याने सगळं ओळखलं होतं. आणि खरं सांगायचं तर, लाज वाटली तीही खरी आणि शब्द मिळाल्यावर आतून हायसं वाटलं तेही खरं. माणूस थकला की त्याला कशाकशाने हायसं वाटतं, त्याची यादी करू नये.

शुक्रवारी ताईंचा फोन आला. माल न्यायला त्या स्वतः येणार होत्या, सोबत भूमिकाही. "आणि थोडा घाटा पण करून ठेवा बरं का. गरम गरम, वर तेल घालून! भूमिकाने कधी पाहिलाच नाही चुलीवरचा. तिला तुमचे फोटो काढायचेत काम करतानाचे." म्हणजे सगळं वाळून, बांधून तयार असताना निव्वळ त्यांच्यासाठी पुन्हा ज्वारी, पुन्हा चूल. रत्ना म्हणाली, "करते की ताई." खांदा काहीतरी म्हणाला, पण खांद्याला कोण विचारतो.

शनिवारी उजाडताना तिने चूल पेटवली. रोज या वेळी भिंतीपलीकडून आबांच्या खोकल्याचा आवाज यायचा. आज आला नाही. तिला वाटलं, बरं झालं, लागला असेल डोळा.

पेज घेऊन ती गेली तर दार अर्धं लोटलेलं. मंजुळाबाई उंबऱ्यावर बसलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, दोन्ही हात पदराआड. खाट आत नेलेली होती.

"मोठी माय, आबा?"

"जपेल शेतस," मंजुळाबाई म्हणाल्या. "रातभर जपनात नही. उठाडू नको."

"पेज आनेल व्हती."

"दे. मी पाजस मंग." त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि मांडीवर ठेवली. मान वर केली नाही. "तू जाय. तुले काम शे. गाडी येवानी येळ व्हयनी."

रत्ना वळली. दोन पावलांवर तिला वाटलं, एकदा आत डोकावावं. पण पातेल्याखालचा जाळ मोठा होता, घाटा खाली लागला असता. आणि दुसरंही एक कारण होतं, जे तिने स्वतःशीसुद्धा पूर्ण बोलून दाखवलं नाही. डोकावलं असतं तर काहीतरी दिसलं असतं. ती डोकावली नाही.

गाडी आली ती ऊन चढल्यावर. पांढरी, मोठी, गल्लीत वळताना तिने एका घराची रांगोळी पुसली. सुलक्षणाताई उतरल्या, भूमिका उतरली. भूमिका गोरीपान, नाजूक, हातात मोठा फोन. उतरल्या उतरल्या ताईंनी विचारलं, "सगळं ठीक ना घरात?"

"ठीक आहे ताई."

"आणि ते आजोबा? मागच्या वेळी बाहेर होते."

"झोपलेत," रत्ना म्हणाली. "रात्री झोप नव्हती त्यांना."

ताईंना बरं वाटलेलं दिसलं. मग सुरू झालं ते फोटोंचं. रत्नाने घाटा घोटायचा, भूमिकाने तो टिपायचा. "काकू, जरा इकडे बघून हसा ना. नाही, असं नाही, मनापासून." रत्नाने दात दाखवले. चुलीच्या धुराने डोळ्यांना पाणी सुटलं होतं, ते फोटोत छान दिसतंय असं भूमिका म्हणाली. मग पाटावर धोतर पसरून बिबडा थापून दाखवायचा. मग भूमिकाला स्वतः एक थापायचा होता. तिला चटका बसला, ती ओरडली, ताई हसल्या, रत्ना पाणी घेऊन धावली. गल्लीतल्या पोरांना एरवी एवढी मोठी गाडी मिळाली असती तर त्यांनी धिंगाणा घातला असता. आज एक पोर फिरकलं नाही. मंजुळाबाई उंबऱ्यावरून बोट ओठांवर ठेवून एकेकाला परत पाठवत होत्या. ते रत्नाने ओझरतं पाहिलं आणि मनात म्हटलं, म्हातारी किती जपते नवऱ्याच्या झोपेला.

"किती शांत आहे हो तुमच्याकडे," ताई घाटा खाता खाता म्हणाल्या. वाटीत कच्चं तेल तरंगत होतं, त्यांची हनुवटी तुळतुळीत झाली होती. "आमच्याकडे लग्नघर म्हणजे नुसता कलकलाट. इथे आलं की वाटतं, हेच खरं जगणं."

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. ताई तर अगदी पायथ्याला बसून म्हणत होत्या.

माल गाडीत चढवताना रत्नाने गाळ्याचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण थकलेल्या माणसाच्या तोंडून सुटतं. म्हणाली, आता रस्त्यावर जागा घेतेय, शटरची, म्हणजे वेळीअवेळी कोणाची गैरसोय नको.

ताईंचा चेहरा पडला. "शटर? अहो, नका हो असं करू. मग आमच्या बाजारातल्या पाकिटात आणि तुमच्यात फरक काय राहिला? आम्ही येतो ते या घरासाठी. ही चूल, हे अंगण, ही शेजारची माणसं, हे सगळं त्या बिबड्यात उतरतं." मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "मी कॉलनीत सगळ्यांना सांगते. माझ्या शब्दावर येतील बघा. पण हे घरचं आहे ते घरचंच राहू द्या."

रत्ना हो म्हणाली. नाही म्हणायला उभं राहावं लागतं आणि तिला बसायचं होतं.

निघताना ताईंनी पर्समधून लग्नाची पत्रिका काढली आणि कुंकवाचा करंडा काढला. रत्नाला हळदीकुंकू लावलं, पत्रिका दिली, खणही दिला. रत्नाला भरून आलं, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तिला असं आमंत्रण दिलं नव्हतं. आणि मग ताई म्हणाल्या, "त्या मावशींनाही लावते. म्हातारी सवाष्ण आहे, मुलीला आशीर्वाद मिळेल."

त्या ओट्याकडे गेल्या. भूमिका मागोमाग गेली.

मंजुळाबाई उठल्या नाहीत. पेजेची वाटी अजून त्यांच्या मांडीशी होती. ताई वाकल्या तशी म्हातारीने मान किंचित मागे घेतली, एकदाच, आणि मग तिची नजर अंगणातल्या रत्नावर गेली. रत्नाच्या हातात पत्रिका होती, कपाळावर ताजं कुंकू होतं, मागे गाडीची डिकी उघडी होती. म्हातारीने मान पुढे केली. ताईंनी बोटभर कुंकू तिच्या कपाळावर टेकवलं. भूमिकाने पाय शिवले. मंजुळाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे ओठ हलले, पण शब्द ऐकू आला नाही.

"किती गोड," भूमिका परत येताना म्हणाली. "हात किती थंड आहेत त्यांचे."

गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी वळली, पुलावरून गेली, बाभळींआड दिसेनाशी झाली. रत्ना आपल्या ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. संपलं. माल गेला, शब्द मिळाला, आणि ताईंना काहीही म्हटलं असलं तरी गाळा मिळणार. तिला वाटलं होतं आनंद होईल. तो काही झाला नाही. तरी तिला आबांची आठवण झाली. त्यांना सांगायला हवं होतं, गाडी गेली, तुमचा शब्द खरा झाला. तिने पातेल्यातून वाटीभर गरम घाटा काढला, वर तेलाची धार सोडली, आणि निघाली. आबांना घाटा फार आवडायचा.

मंजुळाबाई तिथेच बसल्या होत्या. सकाळच्या पेजेवर साय धरली होती. वाटी हललेली नव्हती.

"गई ना वं तुनी गाडी?" म्हातारीने विचारलं.

"गई, मोठी माय."

"पुलना तिकडे गई?"

"व्हय. काब्र?"

"मंग आते रडू दे माले," मंजुळाबाई म्हणाल्या.

रत्नाला आधी कळलंच नाही. मग तिने अर्धं दार ढकललं. आबा खाटेवर सरळ निजवलेले होते, हनुवटीखालून फडक्याची पट्टी बांधलेली, डोळ्यांवर तुळशीची पानं. उशाशी दिवा होता, तोही कधीचा विझलेला.

"दिन निंघाना आगोदरच गयात," बाहेरून आवाज आला. तो आवाज अजून कोरडाच होता. "तेसनी तुले शबद देयेल व्हता. थोडासा कमी पडना. म्हनीसन मी बसनू."

आणि मग तिने हंबरडा फोडला. सकाळपासून आत कोंडून ठेवलेला तो आवाज निघाला तेव्हा गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. म्हातारी कपाळ उंबऱ्यावर आपटत होती आणि कपाळावर ताईंचं ताजं कुंकू होतं. बायका धावत आल्या, कोणी तिला धरलं, कोणी आत गेलं, कोणी ज्योतीला साक्रीला फोन लावा म्हणून ओरडलं. एकीने विचारलं, "कव्हय गयात?" मंजुळाबाईंनी रडता रडता सांगितलं, "आत्तेच." दुसरीने आत पट्टी पाहिली, विझलेला दिवा पाहिला, रत्नाकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

रत्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातातला घाटा अजून वाफाळत होता. तिला रडू येत होतं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबत होतं. ज्या बाईने तिच्यासाठी आपलं रडणं इतका वेळ धरून ठेवलं, तिच्यासमोर आधी रडायचं कोणत्या तोंडाने? सारी सकाळ त्या भिंतीपलीकडे मयत होती आणि अलीकडे चूल पेटलेली. परक्या बाया तिथे बसून तेल-घाटा खात होत्या आणि किती शांत आहे म्हणत होत्या. सकाळी दोन पावलांवरून ती मागे वळली असती तर? ती वळली नाही. म्हातारीला हेही माहीत होतं.

"चूल इझाड आगोदर," कोणीतरी तिला म्हणालं. "मढं शे आंगनमा."

ती घरी आली. वाटीतला घाटा पातेल्यात परत ओतला आणि सगळं पातेलं मागच्या उकिरड्यावर उपडं केलं. मयतीच्या वेळी शिजलेलं ठेवत नाहीत. मग चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. फोन दोनदा वाजला, तिने बघितला नाही. कपाळावरचं कुंकू पुसावं की राहू द्यावं, ते तिला कळेना, म्हणून तसंच राहू दिलं.

मग ती परत मंजुळाबाईंकडे गेली. पंधरा दिवस ती त्या उंबऱ्यावर रोज काही ना काही घेऊन जात होती. आज पहिल्यांदाच रिकाम्या हाताने गेली, आणि म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली.